पावसाळ्यात कपडे वाळवायचं यंत्र : विजेचं घ्यावं की गॅसचं? (खानापूर)

मलप्रभाकाठ | ८ जून, रात्री १०:१५

नमस्कार. मी खानापूरची. घरात पाच माणसं, त्यांतल्या सासूबाई मार्गशीर्षापासून अंथरुणावर. अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोललेलं सगळं कळतं, खाणं नीट आहे, पण उठता येत नाही. त्यांच्याखालच्या पाच-सहा चादरी, तितकीच जाड फडकी, दोन गाऊन, टॉवेल एवढं धुणं रोज निघतंच. उन्हाळाभर काही वाटलं नाही. सकाळी गच्चीवर टाकलं की दुपारच्या जेवणाआधी कडकडीत वाळायचं. काल मृग लागला आणि आज पडवीतल्या तिन्ही वलणी भरल्यात. गेल्या वर्षी आमचेच कपडे तीन-तीन दिवस ओले असायचे, ते आठवून आत्तापासून पोटात गोळा आलाय. सासूबाईंच्या पाठीला एकदा जखम होऊन मोठ्या कष्टानं बरी झालीय. दमट चादर त्यांच्याखाली घालायची नाही, हे मी ठरवलंय. त्यासाठी खर्च करायची तयारी आहे.

धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिच्याकडे गॅसवर चालणारा ड्रायर आहे. ती म्हणते, गॅसचाच घे, पाऊण तासात सगळं वाळतं आणि विजेपेक्षा स्वस्त पडतं. मी बेळगावात दोन दुकानं फिरले, तिथे सगळे विजेचेच. एका ठिकाणी २,५०० वॅटचा दाखवला, तो स्वस्त. दुसरीकडे 'हीट पंप'चा दाखवला, त्याची किंमत दुपटीच्याही वर. एवढा फरक कशाचा, ते दुकानात कुणालाच सांगता आलं नाही.

आमच्याकडची परिस्थिती : घर जुनं, वायरिंगही बरंचसं जुनंच. विजेचा वापर महिन्याला सरासरी १२५ युनिट, गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेमुळे बिल शून्य येतं. घरगुती गॅसचे दोन सिलिंडर. पाईपचा गॅस आमच्या भागात नाही. धुण्याचं मशीन वरून कपडे टाकायचं.

कुणी वापरत असाल तर सांगा. घाई आहे.


तंबाखूपट्टा | ८ जून, रात्री १०:५०

अक्का, आमच्या निपाणीला पाऊस तुमच्या मानानं लई कमी. आमचं स्टँड आणि पंख्यावर भागतं. एवढ्या पैशाचं यंत्र घ्यायच्या आधी एक खोली मोकळी करून दोन पंखे लावून बघा की.


मलप्रभाकाठ | ८ जून, रात्री ११:०५

दादा, गेल्या आषाढात तेच केलं होतं. रात्रभर पंखा फिरला तरी सकाळी शिवणी ओल्याच, आणि चादरीला कुबट वास. तो वास पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही. म्हणजे धुणं दुप्पट.


गणिताचा तास | ९ जून, सकाळी ७:२०

मी शहापूरचा, शाळेत गणित-विज्ञान शिकवतो. पंख्यानं का वाळत नाही ते आधी सांगतो, म्हणजे यंत्र काय करतं ते आपोआप कळेल.

जुलैत तुमच्याकडची हवा २३ अंशांची आणि आर्द्रता ९५ टक्के धरा. म्हणजे ती हवा पाण्यानं जवळजवळ भरलेली आहे, आणखी पाणी घ्यायला तिच्यात जागाच नाही. पंखा तीच भरलेली हवा फिरवत राहतो. आता तीच हवा ६० अंशांपर्यंत तापवा. तिच्यातलं पाणी एका थेंबानंही कमी झालेलं नाही, पण आर्द्रता १३-१४ टक्क्यांवर उतरते. तापलेल्या हवेला पाणी धरायची ताकद कितीतरी जास्त. ती हवा फिरत्या कपड्यांतून गेली की पाणी घेऊन बाहेर पडते. ड्रायर म्हणजे एवढंच. हवा विजेच्या कॉईलनं तापवा नाहीतर गॅसच्या ज्योतीनं, कपड्यांना त्याचा फरक कळत नाही.

आता हिशेब. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट उष्णता लागते. तुमच्या एका खेपेच्या चादरी कोरड्या असताना चार किलो असतील, तर वरून कपडे टाकायच्या मशीनमधून पिळून निघाल्यावर त्यांत तीन लिटरभर पाणी राहतं. म्हणजे दोन युनिट उष्णता लागणारच. प्रत्यक्षात ड्रम, हवा, खोली हेही तापतं, त्यामुळे साधा कॉईलवाला ड्रायर साडेतीन-चार युनिट घेतो. गॅसच्या ड्रायरला पाव किलोच्या आसपास गॅस लागेल.

हीट पंपचा वेगळेपणा असा : त्यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. कपड्यांतून आलेली दमट हवा तो थंड करतो, त्यातलं पाणी खाली निथळतं, आणि वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते तीच परत हवा तापवायला वापरतो. तीच उष्णता पुन्हापुन्हा फिरते. म्हणून तेवढ्याच कपड्यांना दीड ते दोन युनिटांत भागतं. किंमत दुप्पट आहे ती या कॉम्प्रेसरची.

एक फुकटचा उपाय आजच करा. धुणं झाल्यावर नुसतं पिळण्याचं चक्र आणखी एकदा लावा. त्याला वीज नगण्य लागते, आणि मोटर फिरवून काढलेलं पाणी हे तापवून काढलेल्या पाण्यापेक्षा कैक पटींनी स्वस्त.


एडिसन–बेळगाव | ९ जून, सकाळी ८:०५

मूळची वडगावची, आता न्यू जर्सीतच असते. ताई, तुमच्या बहिणीचं म्हणणं इथल्यापुरतं बरोबर आहे. पण ते बरोबर का आहे, हे कळल्यावर तिथे का लागू होत नाही तेही कळेल.

इथे पुष्कळ घरांत जमिनीखालच्या पाईपमधून नैसर्गिक गॅस येतो. हिवाळ्यात घर तापवायला तोच, पाणी तापवायला तोच. घरातला साधा प्लग १२० व्होल्टचा असतो, आणि विजेच्या ड्रायरला २४० व्होल्टची, ३० अँपिअरची वेगळी लाईन ओढावी लागते. ज्या घरात ती लाईन नाही पण गॅसचा नळ आहे, तिथे लोक गॅसचा ड्रायर घेतात. विकत घेताना तो विजेच्यापेक्षा थोडा महाग पडतो, मग वापरात पैसे वसूल होतात. बर्नरही दणकट असतो, ताशी २०-२२ हजार बीटीयूचा, म्हणजे सहा किलोवॅटच्या आसपास. म्हणून पाऊण तास.

भारतात २३० व्होल्ट घरोघरी आहेतच, त्यामुळे वेगळ्या लाईनची ती अडचण तिथे मुळातच नाही. आणि बहिणीनं इथून मशीन पाठवते म्हटलं तर नको म्हणा. इथली मोटर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. शिवाय बर्नर पाईपच्या गॅससाठी असतो, सिलिंडरच्या गॅसला त्याची नोझल बदलावी लागते. ते काम करणारा तिथे कुठे शोधणार?


लाँड्री टिळकवाडी | ९ जून, दुपारी २:४०

गॅसवर सांगायचा हक्क मला आहे, कारण मी तो रोज पेटवतो. हॉटेल आणि हॉस्टेलचे कपडे असतात, १५ किलोचा गॅस टंबलर, म्हणजे धंद्याचा मोठा ड्रायर, सहा वर्षं चालवतोय. एक घाणा अर्ध्या तासात निघतो. पावसाळ्यात दिवसाला पंधरा-वीस घाणे. तेवढं काम विजेवर करायचं म्हटलं तर त्या मशीनला एकट्यालाच पंधरा-वीस किलोवॅटचं थ्री फेज कनेक्शन लागलं असतं. म्हणून गॅस. आमच्या धंद्याला तो योग्यच आहे आणि मी बदलणार नाही.

पण वहिनी, घरासाठी मी तुम्हाला गॅसचा घ्या असं सांगणार नाही. कारणं सांगतो.

पहिलं म्हणजे घरगुती मापाचा गॅस ड्रायर आपल्या बाजारात मिळतच नाही म्हटलं तरी चालेल. जपानमध्ये आहेत, रिन्नाईचा पाच किलोचा ड्रायर तासाच्या आत कपडे वाळवतो, तिथे तो घरांत बसवतात. आपल्याकडे कुणी बाहेरून आणून दिला तरी दुरुस्तीला माणूस नाही आणि सुटा भाग नाही. आमच्या टंबलरचं इग्निशन गेलं तर मला पुण्याहून माणूस येईपर्यंत थांबावं लागतं. तुमच्याकडे पेशंट आहे, तुम्ही थांबू शकत नाही.

दुसरी गोष्ट धुराड्याची, आणि ही मी सगळ्यांत महत्त्वाची मानतो. गॅस जळला की त्यातून पाण्याची वाफ निघते, एक किलो गॅसमागे दीड किलोहून जास्त पाणी. वर कपड्यांतली वाफ. आणि ज्योत नीट जळत नसेल तर कार्बन मोनॉक्साईड. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरनं माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर थंडीत वाचतो. माझ्याकडे टंबलरच्या मागून पत्र्याचा पाईप थेट भिंतीबाहेर नेलाय, दर पंधरा दिवसांनी त्यातली लव झाडून काढतो. तुम्ही पावसात खिडक्या लावून घेतलेल्या घरात, जिथे एक माणूस चोवीस तास पडून आहे, तिथे हे यंत्र ठेवायचा विचारसुद्धा करू नका.

तिसरं सिलिंडरचं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली जमिनीलगत साठतो. एका सिलिंडरमधून सतत मोठी ज्योत ओढली की तो बाहेरून गार पडतो, घाम धरतो, पावसाळ्यात तर चक्क बर्फ धरतो आणि दाब उतरतो. म्हणून आम्ही १९ किलोचे चार एका लाईनला जोडतो. आणि लाल घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं हा गुन्हा आहे, माझ्यासारखं कुणी हे वाचत असेल तर त्यानं लक्षात ठेवावं.


मलप्रभाकाठ | ९ जून, संध्याकाळी ६:३०

भाऊ, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. धुराड्याचा विचार मी केलाच नव्हता. बहिणीला फोन केला, तिच्याकडेही मागून पाईप भिंतीबाहेर गेलाय म्हणाली, तिनं कधी मुद्दाम पाहिला नव्हता.

म्हणजे गॅसचा विचार सोडला. आता २,५०० वॅटचा घ्यावा की हीट पंपचा? पहिल्यात निम्मे पैसे वाचतात, आणि वीज तर आम्हाला फुकटच आहे, मग जास्त युनिट लागले तर काय बिघडलं, असं ह्यांचं म्हणणं.


निवृत्त लाईनमन | ९ जून, रात्री ९:१०

बिघडतं ताई. मी ३१ वर्षं खांबावर चढलोय, आता घरी बसून लोकांची बिलं वाचून देतो. नीट ऐका.

गृहज्योतीत २०० युनिट सरसकट फुकट नाहीत. २०२२-२३ मधला तुमचा महिन्याचा सरासरी वापर आणि त्यावर १० टक्के, एवढंच तुमच्या वाट्याचं. तुमची सरासरी १२५ म्हणता, म्हणजे १३७ पर्यंत शून्य बिल. १३७ च्या वर आणि २०० च्या आत गेलात तर वरच्या युनिटांचे तेवढे पैसे. आणि २०० ओलांडले की त्या महिन्याचं सगळं बिल भरायचं, पहिल्या युनिटापासून.

आता यंत्र लावून बघा. रोज एक खेप, महिन्याच्या ३० खेपा. साधा ड्रायर चार युनिटांचा धरला तर १२० युनिट. तुमचे १२५ आणि हे १२०, झाले २४५. पूर्ण बिल. युनिटला सहा रुपयांच्या आसपास, वर स्थिर आकार, वर कर. दीड हजाराच्या पुढंच जाणार. हीट पंपला खेपेमागं १.८ धरा, ५४ युनिट. एकूण १७९. फक्त ४२ युनिटांचे पैसे. म्हणजे एका यंत्राला महिन्याला तीनशेच्या आत आणि दुसऱ्याला दीड हजाराच्या वर. जून ते सप्टेंबर चार महिने धरले तर चार-पाच पावसाळ्यांत किमतीतला बराच फरक भरून निघतो. कर्नाटकात राहणाऱ्यांनी यंत्राच्या किमतीआधी हा २०० चा आकडा बघायचा.

दुसरं वायरिंग. २,५०० वॅट म्हणजे ११ अँपिअर, तेही सलग दीड-दोन तास. इस्त्री आणि गीझर अधूनमधून बंद होतात, हा होत नाही. जुन्या घरातली बारीक वायर तेवढा वेळ तापत राहिली की भिंतीतल्या भिंतीत तिचं आवरण कडक होऊन तडकतं. त्याला मेनपासून वेगळी ४ एमएमची वायर, वेगळा एमसीबी आणि १६ अँपिअरचा पॉवर प्लग पाहिजेच. मंजूर लोड किती आहे तेही बिलावर बघा, जुन्या घरांना एक-दोन किलोवॅटच असतो, मग वाढवायचा अर्ज करावा लागतो. हीट पंप ८०० वॅटच्या आसपास, साडेतीन-चार अँपिअर. त्याला एवढं करावं लागणार नाही. तरीपण प्लग नवा बसवा आणि अर्थिंग तपासून घ्या. ओल्या हातांनी वापरायचं यंत्र आहे, अर्थिंगशिवाय लावायचं नाही. मल्टीप्लग, एक्स्टेंशन बोर्ड मुळीच नको.


जांबोटीकर | १० जून, सकाळी ६:४५

सगळ्यांचं बरोबर हाय, खरं एक गोष्ट कुणी बोलंना. वीज हाय कुठं?

आमच्याकडं जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला लाईन जंगलातनं येते. एक झाड पडलं की दिवस जातो. मोठा वारा झाला तर दोन-दोन दिवस. आमगावला तर कर्नाटकातल्या सगळ्यांत जास्त पावसाच्या जागांत गणतात, तिकडची आमची पाहुणी मंडळी ज्येष्ठ ते भाद्रपद विजेवर भरवसाच ठेवत नाहीत. आणि कुणाला वाटत असेल की गॅसचा असता तर वीज गेल्यावर चालला असता, तर तसं पण नाही. ड्रम फिरवायला मोटर लागती, ठिणगीला वीज लागती.

तवा अक्का, यंत्र कुठलं पण घ्या, दोन दिवसांचा साठा जास्तीचा ठेवा. वीज असंल तवा वाळवून, घड्या करून, पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचं. लाकडी कपाटात ठिवलं की ओल ओढून घेतंय.

आणि अगदीच अडलं तर आमच्या आईची रीत सांगतो. बाळंतिणीच्या खोलीत लोखंडी शेगडीत निखारे फुलवायचे, धूर पुरा गेल्यावर त्यावर वेताचं डालगं पालथं घालायचं आणि डालग्यावर दुपटी पसरायची. ओवा टाकला की वास पण जायचा. तासाभरात खुळखुळीत वाळायची. खरं तिथं बसून राहावं लागायचं, दर पाच मिनिटांनी उलटायचं. आणि निखाऱ्याचा पण तोच विषारी वायू, जो लाँड्रीवाले भाऊ सांगायलेत. दार उघडं पाहिजे. आमची आई शेगडी कधीच पेशंटच्या खोलीत रात्रभर ठेवायची नाही, पडवीत आणायची.


अनगोळची आई | १० जून, सकाळी ११:३०

हीट पंपचा ८ किलोचा ड्रायर दोन वर्षं वापरतेय, जुळी मुलं झाली तेव्हा घेतला. ६० हजारांच्या वर गेला. दुकानात जे सांगत नाहीत ते सांगते.

वेळ लागतो. पाऊण तास विसरा. जाड चादरी-टॉवेल असले की अडीच तास, कधी पावणेतीन. मी रात्री लावत नाही, डोळ्यांसमोर चालवते.

प्रत्येक खेपेनंतर दारातली जाळी साफ करायचीच. बोटभर लव निघते. एक आठवडा आळस केला तर वेळ तासाभरानं वाढला. खाली कॉम्प्रेसरपाशी आणखी एक जाळी असते, ती महिन्यातून एकदा.

पाणी एका टाकीत जमतं, ती दर वेळी ओतावी लागते. त्यापेक्षा मशीनबरोबर नळी येते ती थेट मोरीत सोडा. आमचे हे ते पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला निघाले होते. दिसायला स्वच्छ असतं पण त्यात कपड्यांची बारीक लव आणि साबणाचा अंश असतो. बॅटरीला नको. आम्ही फरशी पुसायला वापरतो.

मशीन आणताना आडवं झोपवून आणलं असेल तर लगेच चालू करू नका, एक रात्र उभं राहू द्या. फ्रिजचं असतं तसंच. आणि खानापूरच्या रस्त्यानं टेम्पोतून उभंच आणायला सांगा.

इरकल, रेशीम, लोकरी, नवं न धुतलेलं सुती यातलं काही घालू नये. माझा एक सुती कुडता पहिल्याच खेपेत दोन बोटं आखूड झाला.


वॉर्डातली ताई | १० जून, रात्री ८:५०

मी परिचारिका आहे, बेळगावातच. मलप्रभाकाठ, तुमचा निश्चय वाचून बरं वाटलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या जखमा दाबानं होतात, आणि दमट कापडानं कातडी नरम पडून त्या लवकर होतात. तुमचा खर्च अगदी योग्य जागी चाललाय. पण कोरड्या चादरीनं दोन-दोन तासांनी कूस बदलायचं काम कमी होत नाही, ते चालू ठेवा.

ड्रायर घेणार आहात म्हणून तीन गोष्टी मुद्दाम सांगते.

यंत्रातून काढलेली चादर गरम असते. सासूबाईंची उजवी बाजू गेली आहे, त्या बाजूला चटका कळेलच असं नाही. गाऊनच्या हुकाला, चेनला तर चांगलाच चटका असतो. दहा मिनिटं पसरून, आपल्या हाताला गार लागल्यावरच घाला.

रबरी शीट, प्लास्टिकचं अस्तर असलेली फडकी ड्रायरमध्ये कधीही घालायची नाहीत. ती वितळतात, पेट घेऊ शकतात. ती पुसून वाऱ्यावर.

आणि तेल. आपण अर्धांगाच्या पेशंटला तिळाचं किंवा खोबरेल तेल लावून चोळतो, मग ते टॉवेलला पुसलं जातं. असा तेलकट टॉवेल नीट न धुता ड्रायरमध्ये वाळवला आणि गरमगरम गोळा करून ठेवला, तर तेलाची हवेशी क्रिया होऊन तो आतल्या आत तापत जातो आणि पेटू शकतो. ही अतिशयोक्ती नाही, ड्रायरच्या पुस्तिकेत हा इशारा असतो. चोळायचे टॉवेल वेगळे ठेवा, गरम पाण्यात जास्त साबण घालून धुवा आणि ते वलणीवरच वाळवा. उशीर लागला तर लागू दे.


तंबाखूपट्टा | १० जून, रात्री ९:३०

छतावर सोलर बसवला तर? केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतंय म्हणतात.


निवृत्त लाईनमन | १० जून, रात्री ९:४५

अनुदानाचा आकडा बरोबर. खरं ताईंना यंत्र लागणार आषाढ-श्रावणात आणि तेव्हाच खानापुरात ऊन नाही. बाराही महिने वापर मोठा असेल त्यानं जरूर बसवावं. यांच्या आत्ताच्या गरजेला ते उत्तर नव्हे.


मलप्रभाकाठ | १४ जून, रात्री १०:००

ठरलं. हीट पंपचा ८ किलोचा घेतला, आज टेम्पोतून उभाच आणला. माजघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या जागेत ठेवलाय, नळी मोरीत सोडली. वायरमन बोलावून नवा प्लग, नवा एमसीबी, आणि अर्थिंगची जुनी तार पार गंजली होती ती बदलली. एका दिवसाचं काम दोन दिवस चाललं पण मी मागे लागून करून घेतलं. उद्या सकाळी पहिली खेप. ह्यांना २०० युनिटांचं गणित दाखवल्यावर त्यांनी एक अक्षर काढलं नाही, स्वतः जाऊन पैसे भरले.


मलप्रभाकाठ | ४ ऑगस्ट, सकाळी ११:००

यंत्र कसं चालतंय ते लिहायला आले. उशीर झाला, माफी असावी.

पहिला आठवडा वाईट गेला. मी पाच चादरी एकदम घातल्या. आत फिरून त्यांची मोळी झाली, बाहेरून कोरडी आणि मध्ये चिंब. तीन तास वाया. आता तीन चादरी आणि चार फडकी एवढंच घालते, मध्ये एकदा थांबवून झटकून सुट्या करते. पिळण्याचं चक्र दोनदा लावते, त्यानं अर्धा तास वाचतो हे घड्याळ लावून पाहिलं. आता सव्वादोन तासांत होतं.

जुलैत एकदा सलग २८ तास वीज नव्हती. जांबोटीकर दादा, तुमची ट्रंक तेव्हा कामी आली. त्या दिवशी सात चादरी लागल्या, ट्रंकेत दहा होत्या. शेगडीची वेळ आली नाही, पण माळ्यावरून काढून घासून ठेवलीय.

बिल काल आलं. १८३ युनिट. ४६ युनिटांचे पैसे पडले, करासकट तीनशेच्या आसपास. लाईनमन काका, तुमच्या अंदाजापेक्षा चार युनिट जास्त आले.

सासूबाईंच्या पाठीची कातडी सुकी आहे, लाली नाही. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. त्यांची इरकल लुगडी मात्र पडवीतच वाळतात. त्या नेसत नाहीत आता, तरी महिन्याला एकदा धुवायला लावतात आणि वलणीवर घातलेली त्यांना खाटेवरून दिसली पाहिजेत.


वॉर्डातली ताई | ४ ऑगस्ट, दुपारी १:२०

लाली नाही हे वाचून फार आनंद झाला. टाचाही रोज बघा, पाठ सांभाळताना टाचांकडे दुर्लक्ष होतं.


निवृत्त लाईनमन | ४ ऑगस्ट, दुपारी ३:००

छान केलंत. आता एक काम करा. खेप संपली की मशीन बंद करून प्लग काढा आणि पिनांना लगेच हात लावून बघा. गरम लागतात का?


मलप्रभाकाठ | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१५

बघितलं. गरम नाहीत, कोमट आहेत.


निवृत्त लाईनमन | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:२५

चार अँपिअरला कोमट पण व्हायला नको. प्लगच्या आत वायर जिथं आवळलीय तिथला स्क्रू ढिला असणार. मेन बंद करून वायरमनकडून आवळून घ्या. तोवर मशीन लावू नका.


मलप्रभाकाठ | ६ ऑगस्ट, दुपारी १२:४०

काका, आज आवळून घेतला. स्क्रू अर्धा फेरा फिरला. आत्ताच एक खेप काढली, पिना गार आहेत.